कोठा नसलेलं घर

(झरी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं मांडवाच्या बल्लीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढं यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. उभ्यानं ऐकण्यासारखं आजचं बोलणं लहान नाही.

आम्ही घरांबद्दल बोलतो. आता तुम्ही म्हणाल, घराबद्दल काय बोलायचं? सिनेमाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, नाटकाची होते. घर बांधून झालं की आपण वास्तुशांतीला जातो, जेवतो, 'बेस झालं' म्हणतो आणि घरी परत येतो. आपल्याकडे घराची समीक्षा एवढीच. वाड्यांवर पुस्तकं आहेत, देवळांवर आहेत, मुंबईच्या इमारतींवर तर ढिगानं आहेत. पण वावरातल्या घरावर कोणी दोन शब्द लिहीत नाही. पुस्तक फसलं तर ते मिटून ठेवता येतं. घर फसलं तर त्यात चाळीस वर्षं काढावी लागतात, आणि कर्ज काढून बांधलं असेल तर हप्ते भरत काढावी लागतात. म्हणून आम्हाला वाटतं की घराबद्दल जरा स्पष्ट बोललं पाहिजे.

आजच्या बोलण्याचं निमित्त एक चित्र आहे. याच तालुक्यातला एक मुलगा, नोकरीला बाहेर, वडिलांचं वावर इथं. त्यानं आम्हाला मोबाइलवर चित्र दाखवलं. उंच तिरकं छप्पर, त्यावर काळा पत्रा. पांढऱ्या उभ्या फळ्यांच्या भिंती. रुळावर सरकणारा मोठा दरवाजा. आत दोन मजले उंचीची एकच बैठक, वर लाकडी माळा, आणि पश्चिमेकडे जमिनीपासून छपरापर्यंत काच, सूर्यास्त बघायला. या प्रकाराला 'बार्न हाऊस' म्हणतात. अमेरिकेत तर त्याचं 'बार्नडोमिनियम' असंही नाव पडलंय. मुलगा म्हणाला, असं घर वावरात बांधायचंय, आई-बाबा राहतील, आम्ही सुट्टीत येऊ.

वडील शेजारीच बसले होते. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "घर बेस हाय जी. पण ढोरं कुठी बांधाची?"

मुलगा हसला. म्हणाला, बाबा, बार्न म्हणजे कोठाच असतो. हे कोठ्यासारखंच घर आहे.

आम्ही त्या दिवसापासून याच वाक्यावर अडकलो आहोत. कोठ्यासारखं घर, आणि त्यात कोठा नाही. आज आपल्याला या चित्राची समीक्षा करायची आहे. पण तिथंच थांबायचं नाही. सरकार जे घरकुल देतं, त्याच्याही नकाशाची करायची आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट हरवली आहे असं आमचं म्हणणं आहे.

आधी बार्न म्हणजे काय ते बघू. हा इंग्रजी शब्द फार जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'जवाचं घर'. म्हणजे धान्य ठेवायची जागा. ढोरं, गवत, अवजारं ही सगळी नंतर त्यात आली. आपल्याकडे काय आहे? धान्याच्या जागेला आपण कोठार म्हणतो, कोठी म्हणतो, आणि इकडं विदर्भात ढोरांच्या जागेला कोठा म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात तोच गोठा. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या डोक्यात धान्य आणि ढोरं एका छपराखाली होती, तशीच ती आपल्या बोलीतही एकमेकांच्या शेजारी आहेत. म्हणजे बार्न ही काही आपल्याला परकी कल्पना नाही. परकं आहे ते त्याचं रूप.

ते रूप कशामुळं आलं? अमेरिकन बार्नचं छप्पर इतकं उंच, आणि पुष्कळदा मध्ये मोडून दोन उतारांचं असतं, कारण वरच्या माळ्यावर वाळलेलं गवत भरायचं असतं. तिकडं हिवाळ्यात महिनोन्‌महिने बाहेर चरायला काही नसतं. सगळा चारा छपराखाली हवा. मोडलेल्या छपरामुळं मध्ये खांब न घालता जास्त गवत मावतं. उतारावरून बर्फ घसरतो. मोठा दरवाजा आहे तो भरलेली गाडी आत यावी म्हणून. त्या इमारतीतली एकही रेघ शोभेसाठी ओढलेली नाही, आणि म्हणूनच ती दिसायलाही चांगली दिसते.

आता तेच छप्पर झरी-जामणीत आणा. आपण कुटार भरतो, कडब्याची गंजी बाहेर रचतो. बर्फ नाही. वर माळ्यावर भरायला गवत नाही. मग दोन मजले उंचीच्या त्या पोकळीत राहतं काय? मे महिन्यातली हवा. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो हे इथं कोणाला सांगायला नको. उंच छपराखाली गरम हवा वर जाते हे खरं. पण तापलेला पत्रा नुसती हवा तापवत नाही, तो चुलीच्या निखाऱ्यासारखा खाली धग टाकतो. त्यात तो काळा. त्यात पश्चिमेची काच. मग एसी लावा म्हणतात. एवढी मोठी पोकळी थंड करायची, आणि वावरातली लाइन असते शेतीपंपाच्या फिडरवर, जी दिवसाचे काही तासच येते. म्हणजे ते घर चालायला जे लागतं तेच तिथं नाही.

पत्र्यालाच आमचा विरोध आहे असं समजू नका. लोकांनी कवेलू काढून टिन का टाकले, हे आम्ही विचारत फिरलो. उत्तर एकच मिळतं: वानरं. एक टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटतात. फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि गावात आता कवेलू करणारा कुंभारही उरला नाही. कवेलूचं घर थंड असतं म्हणून तारीफ करणाऱ्यानं आधी पावसाळ्यात त्या छपराखाली एक रात्र काढावी. तेव्हा टिन वाईट नाही. टिनाखाली काहीच नसणं वाईट. बांबूच्या ताटव्याचं किंवा तुराट्यांचं मातीनं लिंपलेलं आतलं छत, मध्ये वितभर मोकळी हवा आणि वर टिन, एवढं केलं तरी दुपार बदलते. जुन्या घरांत मातीचा माळवद असायचा, वर कवेलू. तत्त्व हेच होतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. मराठीत एक जोडी आहे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन. जुन्या महसुली कागदांतसुद्धा हे शब्द आहेत. आपण ते आता नुसते म्हणीसारखे वापरतो, पण त्यात पक्का बांधकामाचा विचार होता. कापसाची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आखडते. उन्हाळ्यात आपल्या वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात की नाही? तीच माती पायाखाली असेल तर भिंतीला दर वर्षी उचलते आणि सोडते. म्हणून जुने लोक काळीवर घर बांधत नव्हते. वावरात फार तर जागलीसाठी मचाण, नाही तर कुडाचा हलका कोठा. कूड हलला तर हलला, पुन्हा लिंपून घ्यायचा.

आता शेतात घर म्हणजे काळीवर घर. हे करू नये असं नाही. करता येतं. मुरूम लागेपर्यंत पाया खोल न्यावा लागतो, किंवा फुगणारी माती काढून मुरूम भरून दाबावा लागतो. जास्त खोल काळी असेल तर तळाशी फुगवटा असलेले खांब जमिनीत घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं या पद्धतीवर बरंच काम केलंय. शिवाय घराभोवती पाणी मुरू द्यायचं नाही, उताराचा पक्का पट्टा करायचा. हे सगळं पैशाचं काम आहे आणि मोबाइलवरच्या चित्रात ते दिसत नाही. त्या चित्रातलं घर हिरव्यागार गवतावर अलगद ठेवल्यासारखं दिसतं. आपल्याकडे बजेटचा पहिला घास जमीन खाते. आम्ही पाहिलेल्या शेतघरांत छपरावर आणि काचेवर खर्च झालेला, आणि दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली, असं पुष्कळदा दिसलं.

मग चांगलं उदाहरण काय, असं कोणी विचारेल. महाराष्ट्रातलंच एक सांगतो. कोकण किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला 'पाल्मायरा हाऊस' नावाचं घर आहे. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं ते २००७ मध्ये पूर्ण केलं. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या निवड यादीत ते होतं. नारळाच्या वाडीत दोन लांबट लाकडी पेट्या समोरासमोर ठेवल्यासारखं घर आहे. भिंती म्हणजे ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्या, झडपांसारख्या बसवलेल्या. वारा आरपार, प्रकाश गाळून आत. दुरून पाहिलं तर कोठारच. हे घर आम्हाला आवडतं, आणि ते का आवडतं ते सांगितलं पाहिजे. त्यानं कोठाराचं चित्र आणलेलं नाही. तिथं उभं असलेलं झाड, तिथली दमट हवा आणि हातानं काम करणारे सुतार, यांच्यातून ते झालंय.

पण तेच घर उचलून इथं ठेवलं तर? कोकणात हवा दमट, तिथं वारा आरपार गेला पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वारा म्हणजे झळ. ती आत येऊ द्यायची नसते. आपल्या आया दुपारी दारं-खिडक्या लावून घेतात आणि रात्री उघडतात, ते बरोबर शास्त्र आहे. इथं जाड भिंत हवी, लहान खिडकी हवी, आणि रात्रीसाठी अंगण हवं. म्हणजे चांगल्या घराचंही रूप उचलून चालत नाही. शिवाय नांदगावचं घर सुट्टीचं आहे. दोन पेट्यांच्या मध्ये पोहायचा तलाव आहे. कोठाराच्या रूपात कोठाराचं काम त्यातही नाही, आणि ते मागायचीही गरज नाही, कारण तिथं राहणाऱ्याला ढोरं बांधायची नाहीत.

आपल्या जवळचं उदाहरण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. त्याच गावाचं पुढं सेवाग्राम झालं. तिथल्या झोपड्या बांधताना खर्च ५०० रुपयांच्या आत आणि सामान आसपासच्या परिसरातलं, अशी त्यांची अट होती असं सांगतात. बापूकुटी आजही उभी आहे. माती, बांबू, कवेलू, खाली उतरलेली पडवी, लहान उघडझाप. आम्ही तिथं उन्हाळ्यात बसलो आहोत. बाहेर आणि आत जो फरक जाणवतो, तो सांगायला थर्मामीटर लागत नाही.

पण समीक्षा करायची तर तिचीही करू. मातीची भिंत दर वर्षी हात मागते. सारवण, पोतेरं, पावसाआधी लिंपण. आश्रमात ते काम व्रत म्हणून वाटून घेतलं जायचं. आपल्या घरात ते कोण करतं? निंदण करून, कापूस वेचून आलेली बाई करते. व्याख्यानात मातीच्या भिंतीची तारीफ करणाऱ्यांचे, म्हणजे आमच्यासारख्यांचे, हात शेणात नसतात. एका काकूंनी आम्हाला तोंडावर सुनावलं होतं, "तुम्हाले माती आवडते, मंग तुम्हीच सारवा ना जी." तेव्हापासून आम्ही मातीबद्दल बोलताना आधी सारवणाचा हिशेब मांडतो. बाहेरून पाऊस लागणाऱ्या भागाला विटा किंवा चुन्याचा गिलावा आणि आतून माती, असे मधले रस्ते आहेत. तेच धरावेत.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. बार्न हाऊस बांधणारे आपल्या तालुक्यात किती? हातावर मोजण्याइतके. घरकुल बांधणारे किती? गावागावात. म्हणून खरी समीक्षा घरकुलाच्या नकाशाची व्हायला पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. आधीच्या योजनेत घराचं किमान क्षेत्र २० चौरस मीटर होतं, ते २५ केलं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरली. सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. पुढं १५ नोव्हेंबर २०२३ ला 'पीएम-जनमन' आली, ती आपल्या कोलाम भावांसारख्या, विशेष असुरक्षित गटात मोडणाऱ्या जमातींसाठी. त्यात घराला २ लाख रुपये ठरले. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, साप-विंचवाची भीती कमी झाली, कागदावर नाव लागलं. ही लहान गोष्ट नाही. घरकुलाला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ज्याचं घर पावसात बसलंय त्याच्यासमोर ती ठेवू नयेत.

आता दुसरा कागद बघा. राज्यानं २०२१ मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. रोजगार हमीतून गाई-म्हशींना पक्का गोठा. त्याचं माप ठरवून दिलंय: सहा जनावरांसाठी लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर. गुणाकार करा. २६.९५ चौरस मीटर. गव्हाणीचं माप दिलंय, मूत्र साठवायची टाकी दिलीय, पिण्याच्या पाण्याची टाकी दिलीय. गोठ्यासाठी ७७ हजार १८८ रुपये.

सहा ढोरांना २६.९५ चौरस मीटर आणि अख्ख्या कुटुंबाला किमान २५. हे ऐकून हसू येतं, तुम्हीही आता हसलात. पण आम्हाला ढोरांवर टीका करायची नाही. गोठ्याचं माप बरोबर आहे, बैलाला तेवढी जागा लागतेच. उलट गोठ्याचा नकाशा काढणाऱ्यानं विचार जास्त केलाय: ढोर खाणार कुठं, पिणार कुठं, मुतणार कुठं. घरकुलाचं माप ठरवताना असा प्रश्न कोणी विचारला का, की या घरातला माणूस कापूस ठेवणार कुठं?

कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी. भाव पडला की शेतकरी तो विकत नाही, थांबतो. थांबतो म्हणजे काय? तर २५ चौरस मीटरच्या घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरतो आणि उरलेल्या खोलीत सगळं घर झोपतं. महिना-दोन महिन्यांनी त्या कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटते. चूल त्याच भिंतीला लागून. एक ठिणगी पडली तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही जातं. मग माणूस वैतागून पडेल त्या भावात विकतो. घराच्या नकाशात एक खण कमी पडतो आणि त्याची किंमत बाजारात मोजावी लागते. हे आम्हाला आजच्या बोलण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गंमत अशी की कायद्याला हे कळलेलं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, तिच्या दुसऱ्या कलमात शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा ठेवायला; शेतमाल ठेवायला; ढोरांच्या निवाऱ्याला; आणि कुटुंबातल्या माणसांच्या, गड्यांच्या, कुळांच्या राहण्याला. या सगळ्याला मिळून एकच शब्द. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना शेतकऱ्याचं घर म्हणजे काय ते नीट माहीत होतं. आपण नंतर त्याचे तुकडे केले. घर एका योजनेत, गोठा दुसऱ्या योजनेत, गोदाम तिसऱ्या. अर्ज वेगळा, फोटो वेगळा, वर्ष वेगळं. घरकुल आधी येतं आणि सांदवाडीची जागा खातं. दोन वर्षांनी गोठा मंजूर होतो तेव्हा तो बांधायला जागा उरलेली नसते. मग बैल रस्त्याच्या कडेला.

आमचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, घर आणि कोठा एकाच कागदावर काढा. बार्नचं रूप राहू द्या, बार्नचं काम घ्या.

एकाच कागदावर म्हणजे एकाच खोलीत, असं मात्र नाही. ढोरांच्या शेजारी झोपण्यात काही काव्य नाही. माशा, गोचीड, डास, पावसाळ्यातला चिखल, हे सगळं आपण भोगलंय. पण कोठा फार लांबही चालत नाही. व्यालेली गाय रात्री दोनदा बघावी लागते. आणि आपल्या भागात वाघ आहे. टिपेश्वरचं जंगल जवळ आहे, २०१८ ची अवनी वाघीण सगळ्यांना आठवते. वावरात लांब एकटा बांधलेला कोठा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

यावर जुना उपाय आपल्याकडे होताच. आपण घर खणांत मोजतो. पाच खणी घर, सात खणी घर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आणि बघा, जुना बार्नही असाच खणाखणानं बांधतात. इथं मात्र आपली आणि त्यांची रीत खरोखर जुळते. एका लांब सरळ छपराखाली समजा सहा खण धरले. एका टोकाला तीन खण माणसांचे, जाड भिंतींचे. मग एक खण उघडा, सपरीसारखा, आरपार. त्यात वखर, डवरे, फवारणीचा पंप, दुपारची बसउठ. मग एक खण कापसाचा, आतून गिलावा केलेला, वर जाळी, जमिनीपासून उचललेला. शेवटचा खण बैलांचा, तीन बाजूंनी अर्ध्या भिंतीचा. चूल पहिल्या टोकाला, कापूस चौथ्या खणाच्या पलीकडं. मधला उघडा खण आग अडवतो, वास अडवतो आणि हवा देतो. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून ढोरांचं टोक पूर्वेला ठेवायचं. सगळं एकदम बांधायचीही गरज नाही. घरकुलाच्या पैशातून पहिले खण, गोठ्याच्या पैशातून शेवटचा, मधले जमेल तसे. पण रेघ पहिल्या दिवशी आखलेली पाहिजे.

हा काही आमचा शोध नाही. कोलामांच्या पोडावर जा. कुडाची घरं, बांबूच्या ताटव्यांचं काम, मध्ये सगळ्यांची चावडी. तिथं घर म्हणजे एक बंद पेटी कधीच नव्हती. थोडं घरात, थोडं मांडवात, थोडं अंगणात, थोडं चावडीत, असं जगणं पसरलेलं होतं. पक्की घरं आली ती एका ओळीत, पेट्यांसारखी. काही ठिकाणी लोकांनी पक्क्या घराला लागून पुन्हा कुडाची सपरी उभी केलेली दिसते. साहेब लोक त्याला अतिक्रमण समजतात. आम्ही त्याला नकाशातली दुरुस्ती समजतो. लोकांनी घरकुलाची समीक्षा बांबूनं लिहून ठेवलेली आहे, ती वाचायला पाहिजे.

एक आक्षेप येईल, तो आम्हीच घेतो. कोणी म्हणेल, बैल आता राहिलेत किती? ट्रॅक्टर आले, ढोरं विकली गेली, मग कोठा कशाला? खरं आहे, बैल कमी होताहेत. पण खण रिकामा राहत नाही. बैल गेला तिथं शेळ्या येतात, मोटरसायकल येते, ठिबकच्या नळ्यांचं बंडल येतं, खताच्या गोण्या येतात. फवारणीची औषधं येतात, आणि ती किती घातक असतात ते यवतमाळ जिल्ह्याला सांगायला नको. २०१७ चा हंगाम आपण विसरलेलो नाही. विषाचा डबा ठेवायला घराबाहेर कुलूपबंद कप्पा हवा, ही सुद्धा घराच्या नकाशातलीच गोष्ट आहे.

आता त्या मुलाकडे परत जाऊ. आम्ही त्याला चित्र फेकून दे असं सांगितलं नाही. त्याला ते का आवडलं? साधा लांबट आकार, एक छप्पर, नक्षी नाही, खांब-कमानी नाहीत. गावातल्या नव्या बंगल्यांवर जे गुलाबी ग्रॅनाइट आणि सिंहाचे पुतळे असतात त्यापेक्षा त्याची आवड पुष्कळ चांगली होती. ती आवड बरोबर आहे, फक्त ती अर्ध्यावर थांबली. आम्ही त्याला काही प्रश्न दिले, तेच तुम्हालाही देतो. जमीन किती खोल काळी आहे, खड्डा खणून पाहिला का? मे महिन्यात दुपारी तीन वाजता लाइन नसताना आई कुठं बसेल? कापूस कुठं? चूल आणि कापूस यांच्यात काय आहे? विषाचा डबा कुठं? आणि सारवण, झाडलोट, छपराची डागडुजी दर वर्षी कोण करणार, त्याचं नाव काय? या प्रश्नांची उत्तरं ज्या नकाशात आहेत तो नकाशा अमेरिकन दिसो की मराठी दिसो, आम्हाला चालेल.

मुलानं वहीत लिहून घेतलं. वडिलांनी काही लिहून घेतलं नाही. ते उठले, वावरात गेले आणि पायानं मातीत एक लांब रेघ ओढली. मग तिच्या एका टोकाला उभे राहून म्हणाले, "इथं ढोरं. आता तुमचं घर तिकडून मांडा."

आमच्या मते घराचा नकाशा तिथून सुरू झाला. ते घर अजून बांधून व्हायचंय. झालं की त्याचीही समीक्षा करू, आणि ती वास्तुशांतीच्या जेवणानंतर करू, म्हणजे कोणी उपाशी परत पाठवणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि तुमच्या घरात कापूस कुठं ठेवता, ते आम्हाला आधी सांगा.